भौतिकीच्या छपराखाली जीवशास्त्र

केंब्रिज विद्यापीठाच्या कॅव्हेंडिश प्रयोगशाळेचे नाव झाले ते अणूमुळे. 1874 मध्ये ती सुरू झाली आणि जेम्स क्लार्क मॅक्सवेल तिचे पहिले प्रमुख. जे. जे. थॉमसन यांना 1897 मध्ये इलेक्ट्रॉन इथेच गवसला, जेम्स चॅडविक यांना 1932 मध्ये न्यूट्रॉनही इथेच. आधीचे प्रमुख रदरफोर्ड गेल्यावर 1938 मध्ये त्या पदावर आले ते मात्र स्फटिकांचे अभ्यासक, लॉरेन्स ब्रॅग.

ब्रॅग यांचे हत्यार क्ष-किरण. स्फटिकातून जाताना हे किरण ठरावीक दिशांना वळतात. फिल्मवर उमटलेल्या ठिपक्यांवरून अणूंच्या जागांचे गणित मांडता येते. मिठाची रचना अशीच उलगडली होती. मग रक्तातल्या हिमोग्लोबिनची का नाही? हा ध्यास मॅक्स पेरुट्झ यांचा; शिक्षणाने ते रसायनशास्त्रज्ञ. त्या एका रेणूत हजारो अणू असतात. उत्तर हाती यायला वीसहून अधिक वर्षे लागली, आणि एवढा काळ ब्रॅग त्यांच्या पाठीशी राहिले. 1947 मध्ये वैद्यकीय संशोधनाच्या सरकारी निधीतून या कामासाठी वेगळा गटच स्थापन झाला. त्यातल्या जॉन केंड्रू यांनी स्नायूंतल्या मायोग्लोबिनची आकडेमोड विद्यापीठाच्याच एडसॅक संगणकावर केली. भौतिकी शिकलेले, युद्धकाळात नौदलाच्या सुरुंगांवर काम केलेले फ्रान्सिस क्रिक याच गटात आले. 1953 मध्ये त्यांनी जेम्स वॉटसन यांच्यासह डीएनएची रचना मांडली; त्यामागे लंडनच्या किंग्ज कॉलेजातील रोझलिंड फ्रँकलिन यांची क्ष-किरण मोजमापे होती, आणि ती त्यांच्या नकळत वापरली गेली होती. 1962 मध्ये या गटातल्या चौघांना नोबेल मिळाले: दोघांना रसायनशास्त्राचे, दोघांना वैद्यकाचे. भौतिकीचे एकालाही नाही!

जीवशास्त्राप्रमाणे खगोलशास्त्रालाही इथे जागा मिळाली. युद्धात रडारवर काम केलेले मार्टिन राइल कॅव्हेंडिशमध्येच आकाशातल्या रेडिओ लहरी टिपू लागले. त्या परंपरेत 1967 मध्ये संशोधक विद्यार्थिनी जोसलिन बेल यांना पहिला पल्सार, म्हणजे ठरावीक अंतराने रेडिओ स्पंद पाठवणारा तारा, सापडला.

केंब्रिजच्या पदवी अभ्यासक्रमातही हीच सरमिसळ आहे. निसर्गविज्ञान शाखेतून भौतिकीकडे जाणारा विद्यार्थी पहिल्या वर्षी तीन प्रायोगिक विज्ञाने आणि गणित शिकतो. भौतिकीवर शिक्कामोर्तब नंतर.

कॅव्हेंडिशमध्ये संशोधन केलेल्या भौतिकशास्त्रज्ञ होमी भाभांनीही 1962 मध्ये ते प्रमुख असलेल्या मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत ओबेद सिद्दिकींना बोलावून रेण्वीय जीवशास्त्राचा विभाग सुरू केला. बंगळुरूचे राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्र त्यातूनच उभे राहिले. केंब्रिज आणि मुंबई, दोन्हीकडे आधी एक अवघड प्रश्न आणि तो धरून बसणारा माणूस होता. त्याला जागा, यंत्रे आणि वेळ देताना प्रमुखाने हा प्रश्न आपल्या विषयाचा आहे का, असे विचारले नाही. आंतरविद्याशाखीय हे भारदस्त नाव त्या कामाला पुढे मिळाले.