स्वस्तातली लिव्हर-अ‍ॅक्शन

हरणांच्या शिकारीचा हंगाम तोंडावर आला की ओहायो किंवा मिशिगनमधल्या बंदुकीच्या दुकानांत गर्दी वाढते. भिंतीवरच्या मांडणीत दिसायला जवळपास सारख्याच तीन रायफली शेजारीशेजारी उभ्या असतात. पोलादी नळी, तिच्याखाली तेवढीच लांब काडतुसांची नळी, लाकडी दस्ता आणि चापाभोवती गोल फिरलेली लिव्हर. एकीवर विंचेस्टरचं नाव असतं, पण ती बनलेली असते जपानात, मिरोकूच्या कारखान्यात. दुसरी मार्लिन, ती आता रुगर कंपनी नॉर्थ कॅरोलायनात बनवते. तिसरी ब्राझीलची, रोस्सी आर-९२. पहिल्या दोघींच्या चिठ्ठीवर बाराशे डॉलरच्या पुढचा आकडा असतो, तर तिसरी सहाशे ते आठशे डॉलरांत मिळते.

गिऱ्हाईक तिन्ही हातात घेऊन बघतं आणि तिथेच अडतं. इतके पैसे वाचतात, तर मग कमी काय मिळतं? उत्तर शोधायचं तर आधी या यंत्राची ओळख करून घ्यावी लागते.

लिव्हर-अ‍ॅक्शनची कल्पना सोपी आहे. गोळी सुटली की उजव्या हाताची बोटं लिव्हर खाली ढकलतात. त्यासरशी बोल्ट, म्हणजे नळीचं मागचं तोंड बंद करणारा पोलादी तुकडा, मागे सरकतो, रिकामं काडतूस ओढून बाहेर फेकतो आणि मागचा घोडा चढवतो. लिव्हर वर ओढली की खालच्या नळीतलं पुढचं काडतूस वर उचललं जातं, वरच्या नळीच्या मागच्या तोंडात बसतं आणि बोल्ट कुलूपबंद होतो. हे सगळं करताना रायफल खांद्यावरून उतरवावी लागत नाही. १८६० च्या हेन्री रायफलमध्ये अशी १६ काडतुसं मावत. ज्या काळात दर गोळीला नळीच्या तोंडातून दारू ठासावी लागे, त्या काळात ही केवढी मोठी गोष्ट होती हे सांगायला नको.

हेन्रीत काडतुसं पुढच्या टोकाकडून भरावी लागत. १८६६ च्या विंचेस्टरने उजव्या कुशीला एक स्प्रिंगची झडप बसवली आणि तिथून काडतुसं आत सरकवायची सोय केली. आजही बहुतेक लिव्हर-अ‍ॅक्शन तशाच भरल्या जातात. रचना मात्र अजून नाजूक होती. जोरदार काडतुसाचा दाब तिला पेलत नसे.

ती अडचण सोडवली युटातल्या ऑग्डेन गावच्या जॉन मोझेस ब्राउनिंग यांनी. त्यांनी बोल्टच्या दोन्ही बाजूंना खाली-वर सरकणाऱ्या दोन उभ्या पोलादी पट्ट्या दिल्या. लिव्हर बंद झाली की त्या वर येऊन बोल्टला मागून अडसर घालतात. १८८६ च्या मोठ्या रायफलीत ही युक्ती यशस्वी झाली. मग विंचेस्टरचे टी. जी. बेनेट यांना तीच रायफल लहान काडतुसांसाठी हवी झाली. त्याबद्दल एक हकीकत सांगितली जाते. तीन महिन्यांत नमुना दिला तर दहा हजार डॉलर आणि दोन महिन्यांत दिला तर पंधरा हजार, असं बेनेट म्हणाले. ब्राउनिंगनी उत्तर दिलं की तीस दिवसांत देतो, वीस हजार द्या. उशीर झाला तर फुकट घ्या. नमुना मुदतीच्या आत पोचला. हीच १८९२ ची विंचेस्टर. १९४१ पर्यंत तिचे सुमारे दहा लाख नग निघाले आणि तिसरी, स्वस्तातली, ब्राझीलची रायफल तिचीच नक्कल आहे.

या १८९२ ला जगाने पाहिलं ते पडद्यावर. जॉन वेन, ‘स्टेजकोच’पासून पुढे, जिला हातात गरकन फिरवतो ती हीच. ‘द रायफलमन’ या दूरदर्शन मालिकेतल्या चक कॉनर्सच्या हातातही हीच आहे. गंमत अशी की यातल्या बऱ्याच गोष्टी घडतात १८७० किंवा १८८० च्या दशकात, म्हणजे ही रायफल जन्मायच्या आधी! निर्मात्यांना याची फिकीर नव्हती. १८९२ बाजारात मुबलक होती, धडधाकट होती आणि एकच खोटं काडतूस तिच्यातही चाले, नटांच्या रिव्हॉल्व्हरमध्येही चाले. हॉलिवूडने तिला निवडलं ते परवडते म्हणून. तिच्याभोवतीचा झगमगाट नंतर आला. आपल्याकडे ‘मॅकेनाज गोल्ड’ पुन्हापुन्हा पाहिलेल्या पिढीच्या डोळ्यांपुढे वेस्टर्न म्हटलं की जी रायफल येते, तीही याच कुळातली.

खरा धंदा मात्र शेतकरी आणि लाकूडतोड्यांच्या घरांत झाला. ब्राउनिंगच्याच १८९४ च्या विंचेस्टरला पुढच्याच वर्षी .३०-३० हे काडतूस मिळालं. शिकारीसाठी बनलेल्या, धूर न करणाऱ्या दारूच्या पहिल्या अमेरिकन काडतुसांपैकी ते एक. दाट रानात हरीण दिसतं ते शंभरेक यार्डांच्या आत. तेवढ्यासाठी ते पुरून उरे. या एका मॉडेलचे सत्तर लाखांहून अधिक नग निघाले. घोडागाडीत, ट्रॅक्टरवर, पुढे पिकअपच्या मागच्या काचेशी ती लटकत राहिली. तिच्याशी टक्कर देणारी मार्लिनही विंचेस्टरसारखीच कनेटिकटमधल्या न्यू हेवनची. १८८९ पासून तिने रिकामं काडतूस वरून न फेकता बाजूने फेकायला सुरुवात केली. १९४८ साली आलेलं ३३६ हे मॉडेल त्याच वंशातलं. दुर्बीण बसवायची प्रथा आली तेव्हा सपाट, बंद माथ्याचा मार्लिनला मोठा फायदा झाला.

मार्लिनला गिऱ्हाइकाच्या खिशाची नस कळली होती. ‘ग्लेनफील्ड’ नावाने ती मोठ्या दुकानसाखळ्यांना वेगळी रायफल पुरवायची. अक्रोडाच्या जागी रंगवलेलं बर्चचं लाकूड, दस्त्यावर कोरीव कामाऐवजी साच्याने दाबलेली नक्षी. आतलं यंत्र मात्र मार्लिनचंच. शनिवारी मुलांचे बूट आणि घरचा किराणा घ्यायला गेलेला माणूस त्याच दुकानातून ती घेऊन यायचा.

मग ही रायफल महाग झाली कशी? मजुरीने. यंत्राच्या आत वेडेवाकडे, एकमेकांत अडकणारे बरेच तुकडे असतात. प्रत्येक तुकडा घडवायचा, कानशीने बसवायचा, घासून गुळगुळीत करायचा, तर कारागिराचे तास लागतात. १९६४ मध्ये विंचेस्टरने खर्च वाचवण्यासाठी घडीव भागांच्या जागी पत्र्याचे साच्यातले भाग आणले. शिकाऱ्यांनी ते कधीच माफ केलं नाही आणि त्या सालाआधीच्या रायफलींचे भाव चढत गेले. २००६ मध्ये न्यू हेवनचा कारखानाच बंद पडला. मार्लिनचीही तीच गत झाली. रेमिंग्टनने ती घेतली, जुना कारखाना बंद केला आणि उत्पादन न्यूयॉर्क राज्यातल्या इलियनला हलवलं. झिजलेली यंत्रं आणि जुने आराखडे नव्या हातांत पडले. लाकूड आणि पोलाद यांत फट, नळीवरची नेमाची माशी एका बाजूला कललेली, अशा तक्रारींचा पाऊस पडला. २०२० मध्ये रेमिंग्टन दिवाळखोरीत गेली तेव्हा रुगरने मार्लिनचं नाव आणि यंत्रं सुमारे तीन कोटी डॉलरना विकत घेतली. आताची मार्लिन पूर्वीपेक्षाही नेटकी आहे, असं जाणकार म्हणतात. पण २०२३ मध्ये ३३६ क्लासिक पुन्हा बाजारात आली ती १,२३९ डॉलरच्या चिठ्ठीसह. शेतकऱ्याची रायफल शोकेसमध्ये जाऊन बसली.

तिच्या मोकळ्या झालेल्या जागेवर ब्राझीलने हक्क सांगितला. रोस्सी नावाच्या बंदुका १८८९ पासून रिओ ग्रांदे दो सुल राज्यात बनत आल्या आहेत. विंचेस्टरचं त्या देशाला अप्रूप आजचं नाही; पितळी पोटाच्या जुन्या विंचेस्टरला ब्राझीलच्या रानवाटांत ‘पापो अमारेलो’, म्हणजे पिवळ्या गळ्याची, असं लाडाचं नाव होतं. १८९२ ची नक्कल करणारा ब्राझील पहिलाही नव्हे. त्याआधी स्पेनच्या एइबार गावात ‘तिग्रे’ नावाची नक्कल बनत होती. म्हणजे ब्राउनिंगची ही रचना दुसऱ्याच्या कारखान्यात, कमी पैशांत बनण्याची परंपरा शंभर वर्षांची आहे.

आता आर-९२ प्रत्यक्ष हातात घेऊ. सोळा इंच नळीची रायफल जेमतेम पाच पौंड भरते, म्हणजे सव्वादोन-अडीच किलो. तोल डाव्या हाताच्या तळव्यावर आपोआप बसतो. लाकूड ब्राझीलचं, रेघा साध्या, रंग थोडा लालसर. विंचेस्टरच्या अक्रोडाची खोली त्यात नाही. काडतूस भरायला लागलं की झडपेची स्प्रिंग अंगठ्याला चावते. शेवटची दोन काडतुसं सरकवताना अंगठ्याचं टोक लाल होतं. लिव्हर ओढताना पहिल्या काही दिवसांत आत वाळू अडकल्यासारखी खरखर जाणवते. बोल्टच्या माथ्यावर सुरक्षेचा एक छोटा फिरता खटका आहे. तो मूळ रचनेत नव्हता आणि जुन्या रायफलींच्या चाहत्यांना तो डोळ्यांत खुपतो. दोन-तीनशे गोळ्या झाडल्या की धातूवर धातू घासून चाल मऊ होते. बंदुकीचा जाणता कारागीर आतले काठ घासून, स्प्रिंगा हलक्या करून हे काम एका बैठकीत करून देतो.

आणि आत? तेच दोन उभे अडसर, तीच ब्राउनिंगची भूमिती. ही रचना इतकी भक्कम निघाली की रोस्सीने .४५४ कसूलसारखं अतिशय जोरदार काडतूसही तिच्यातून विकलं. बहुतेक लोक .३५७ मॅग्नम घेतात. त्याचं कारण हिशेबाचं आहे. त्याच रायफलीत .३८ स्पेशल हे स्वस्त, सौम्य काडतूस चालतं. सराव त्याने करायचा आणि रानात जाताना मॅग्नम भरायचं. लांब नळीतून मॅग्नमची गोळी रिव्हॉल्व्हरपेक्षा सेकंदाला चारेकशे फुटांनी वेगात सुटते. ओहायो, मिशिगन, आयोवा, इंडियाना या राज्यांनी हरणांच्या शिकारीसाठी सरळ भिंतीच्या, म्हणजे तोंडाशी अरुंद न होणाऱ्या, काडतुसांना वाट मोकळी केल्यापासून .३५७ आणि .४४ मॅग्नमच्या लिव्हर-अ‍ॅक्शनला मागणी वाढली. जुन्या वेशात नेमबाजीचे सामने भरवणाऱ्या मंडळींनीही तिला जिवंत ठेवलं.

महाग रायफल घ्यायची रास्त कारणंही आहेत. दुर्बीण बसवायची असेल तर वरून काडतूस फेकणारी आर-९२ अडचणीची. मार्लिनची ठेवण त्यासाठी बरी. शंभर यार्डांच्या पलीकडे नेम धरायचा असेल तर .३०-३० हवं. त्यासाठीही रोस्सीने अलीकडे मार्लिनच्या धर्तीची आर-९५ आणली आहे आणि तीही मार्लिनपेक्षा स्वस्त आहे. पुढे विकायची असेल तर नावाला किंमत येते. पोराला, नातवाला द्यायची असेल तर अक्रोडाचं लाकूड आणि खोल निळं पोलाद बघून मन सुखावतं. पैसे त्या सुखाचे आहेत, हे ठाऊक असून दिले तर त्यात गैर काही नाही.

स्वस्तातली घेणाऱ्याने मात्र दुकानातच दहा मिनिटं घालवावीत. रायफल रिकामी आहे याची खात्री करून नळीतून उजेडाकडे बघावं. माशी आणि मागची खाच एका सरळ रेषेत आहेत ना, लिव्हर बंद झाल्यावर बोल्ट हलत नाही ना, लाकूड पोलादाला नीट भिडलंय ना, हे तपासावं. स्वस्त मालात नग आणि नग यांत फरक पडतो, म्हणून शेजारची दुसरीही मागून बघावी. दुकानदार वैतागत नाही; त्याला हे गिऱ्हाईक रोजचं आहे.

महाराष्ट्रात हा सौदा कुणाच्या वाट्याला येत नाही. १९५९ च्या शस्त्र कायद्याचा परवाना आणि १९७२ च्या वन्यजीव कायद्याने संपलेली शिकार, यामुळे आपल्याला रायफल भेटते ती जुन्या शिकारकथांत. पण पेन्सिल्व्हेनियाच्या ग्रामीण भागात राहायला गेलेल्या मराठी कुटुंबाला पहिल्याच वर्षी एक गोष्ट कळते: हरणांच्या हंगामाच्या सुरुवातीच्या सोमवारी अनेक शाळांना सुट्टी असते. शेजारी पहाटे नारिंगी जाकीट घालून निघतो आणि त्याच्या खांद्याला बहुधा बापाची किंवा आजोबांची रायफल असते. ती घेताना स्वस्तच घेतलेली असते. वारसा ती नंतर झाली.

रोस्सी आणि बाराशेवाली यांच्यातला फरक पाचेकशे डॉलरांचा. तेवढ्यात .३८ स्पेशलची हजारभर काडतुसं येतात. शंभर यार्डांवर उभं असलेलं हरीण एका गोळीत, हाल न होता पडावं, हे त्या हजार काडतुसांच्या सरावाने साधतं. दस्त्याच्या लाकडाने साधत नाही. ज्याला रायफल वापरायची आहे त्याने स्वस्त घ्यावी आणि उरलेले पैसे सरावावर उधळावेत.