पांढऱ्या कुत्र्याचे पंजे तांबूस का होतात?

तंजावरात राजपालयम पाळणाऱ्यांनो, हे जरूर वाचा! तमिळनाडूचा हा शुभ्र, गुलाबी नाकाचा देखणा कुत्रा २००५ साली भारतीय टपाल तिकिटावरही झळकला.

त्याच्या पंजांवर किंवा डोळ्यांखाली तांबूस छटा दिसली, तर मातीचा डाग समजून घासत बसू नका. कुत्र्याच्या लाळेत आणि अश्रूंत पॉर्फिरिन नावाचं रंगद्रव्य असतं. सतत चाटलेल्या किंवा अश्रूंनी ओल्या राहणाऱ्या जागी ते साठतं आणि पांढऱ्या केसांवर लगेच उठून दिसतं. म्हणजे पंजे तांबूस असतील, तर खरा प्रश्न, तो एवढं का चाटतोय? गोचीड, पिसवा, ॲलर्जी किंवा बुरशी. आपल्याकडे ऑक्टोबर ते डिसेंबर पाऊस, त्यात कावेरीकाठची दमट हवा. ओल्या बोटांच्या बेचक्यांत बुरशी फोफावते. फिरून आलात की बेचक्या कोरड्या पुसा. खाज आणि आंबूस वास असेल, तर थेट पशुवैद्यांकडे न्या.