कन्सोलवर बसण्याआधीचे शिक्षण

रोबोटिक शस्त्रक्रियेतील रोबोट स्वतःहून काहीच करत नाही. रुग्णापासून थोड्या अंतरावरील कन्सोलवर, म्हणजे नियंत्रणमेजावर, बसलेल्या शल्यविशारदाच्या हाताची हालचाल संगणकामार्फत रुग्णाच्या शरीरातील बारीक उपकरणांपर्यंत पोहोचते आणि वाटेत हाताचा कंपही गाळला जातो. ‘दा विंची’ या यंत्रणेला अमेरिकेत २००० साली मान्यता मिळाली, तेव्हापासून अनेक मुरलेले शल्यविशारद तिच्याकडे वळले. परंतु त्यांचा अनुभव येथे जसाच्या तसा कामी येत नाही. उघड्या शस्त्रक्रियेत ऊती किती ताणली गेली हे बोटांना कळते, तर या यंत्रणेच्या बहुतेक आवृत्त्यांत तो स्पर्शबोध नसल्याने, फिकट पडणारी ऊती आणि ताणलेला धागा पाहून जोराचा अंदाज डोळ्यांनीच बांधावा लागतो.

ही नवी नजर रुग्णाच्या शरीरावर कमावणे न्याय्य नाही. युरोपीय मूत्ररोगतज्ज्ञांच्या संघटनेने प्रोस्टेट ग्रंथी काढण्याच्या शस्त्रक्रियेसाठी आखलेला अभ्यासक्रम म्हणूनच मोलाचा ठरतो. त्यात आधी सिम्युलेटरवर, म्हणजे आभासी शस्त्रक्रियेच्या यंत्रावर, आणि प्रयोगशाळेत सराव होतो. मग मूळ शस्त्रक्रियेचे टप्पे पाडून मार्गदर्शकाच्या देखरेखीखाली सोपे टप्पे आधी सोपवले जातात, आणि मज्जातंतू वाचवत ग्रंथी सोडवणे किंवा मूत्राशय व मूत्रमार्ग टाक्यांनी जोडणे यांसारखी जोखमीची कामे, आधीचे टप्पे साधल्यावरच, हाती येतात. अखेरीस संपूर्ण शस्त्रक्रियेची चित्रफीत तज्ज्ञ तपासतात.

किती शस्त्रक्रिया केल्या, या आकड्यावरून प्रावीण्य ठरवणे सोयीचे असले तरी अपुरे आहे, कारण तेवढ्याच सरावात दोघांची प्रगती सारखी होत नाही. ‘गिअर्स’ ही मूल्यमापनपद्धती त्याऐवजी खोलीची जाण, दोन्ही हातांचा मेळ, कामातील नेटकेपणा, जोरावरील ताबा, स्वावलंबन आणि यंत्रावरील नियंत्रण असे सहा निकष लावते.

एका गोष्टीकडे मात्र पुरेसे लक्ष जात नाही, ती म्हणजे शस्त्रक्रियागृहातील इतरांचे प्रशिक्षण. अचानक रक्तस्राव झाला आणि पोट उघडणे भाग पडले, तर यंत्राचे हात रुग्णापासून झटपट सोडवून बाजूला सारावे लागतात; हा सराव परिचारिका, भूलतज्ज्ञ आणि खाटेजवळचा साहाय्यक यांनी एकत्रच करावा लागतो, कारण कन्सोलवरील शल्यविशारदाने निर्जंतुक झगा व हातमोजे घातलेले नसतात आणि तो हात धुऊन, तयार होऊन रुग्णापर्यंत येईस्तोवर रक्तस्राव आवरून धरण्याची जबाबदारी त्या साहाय्यकावर असते.