सेल्फ फिरतो, पण इंजिन पेटत नाही

पावसाळ्यातली सकाळ. 1983 साली रस्त्यावर आलेल्या मारुती 800 च्या कार्ब्युरेटरवाल्या पिढीतली एखादी गाडी. किल्ली फिरवली की इंजिन घरघरतं, पण पेट घेत नाही. इथे अनेकजण बॅटरीला दोष देतात. तो बहुधा चुकीचा. सेल्फ जोमानं फिरतोय म्हणजे बॅटरी काम करतेय.

मग उणीव कशाची? पेट्रोल, हवा, दाब की वेळेवर पडणारी ठिणगी?

उत्तर स्पार्क प्लगच देतो. बराच वेळ सेल्फ मारूनही तो कोरडा निघाला, तर पेट्रोल पोहोचत नाही: टाकी रिकामी, फिल्टर तुंबलेला किंवा पंप थकलेला. ओला निघाला, तर पेट्रोल आहे, ठिणगी नाही. किंवा चोक जास्त ओढल्यानं इंजिन ‘ओव्हर’ झालंय. पावसात पहिला संशय डिस्ट्रिब्युटर कॅपवर घ्यावा. आत ओल धरली की हजारो व्होल्टचा दाब प्लगपर्यंत न जाता वाटेतच निसटतो. कोरड्या फडक्यानं कॅप आतून पुसली, की कितीतरी गाड्या लगेच सुरू होतात.

इंजिन नेहमीपेक्षा हलकं, भरभर फिरत असेल तर मात्र थांबावं. टायमिंग बेल्ट तुटलेला असू शकतो.

सेल्फ एका वेळी दहा सेकंदांहून जास्त मारू नका, आणि पेट्रोलचा वास येत असेल तर ठिणगी तपासायला जाऊच नका.