लेथच्या गिअरची झीज कशी ओळखावी?

सभासद बंधूंनो, हंगाम संपला की मिलचे रोलर वर्कशॉपमधल्या मोठ्या लेथवर चढतात. या लेथचे गिअर बदलायचे की ठेवायचे, हा खर्चाचा प्रश्न. म्हणून आम्ही झीज कशी पाहतो ते सांगतो.

दाते चकाकले म्हणजे झिजले असे नव्हे. दात्याच्या मधल्या पट्टीवर दाते एकमेकांवर लोळतात. तिच्या वर-खाली मात्र घासतात. म्हणून झीज शेंड्याकडे आणि बुडाकडे जास्त. लेथ बंद करून दात्याच्या कडेला, जिथे जोडीचा दाता टेकत नाही, तिथून आत बोट फिरवावे. पायरी लागली तर झीज आहे. किती, ते व्हर्निअरने जाडी मोजून कळते. हाताने चाक हलवून ढिलाई पाहणे पुरत नाही. ती बुश किंवा चावी झिजल्यानेही येते.

२० दात्यांच्या पिनियनचा प्रत्येक दाता ८० दात्यांच्या चाकापेक्षा चौपट वेळा लागतो. म्हणून पिनियन आधी तपासावे. मधल्या पट्टीजवळचे खड्डे वाढत असतील किंवा बुडाशी चीर दिसली, तर गिअर ठेवू नये.

ऐन हंगामात एखादा शाफ्ट करायचा आणि लेथच बसला, तर तोडलेला ऊस वाळतो, वजन घटते. तो तोटा आपलाच.