उपकेंद्राची तार सांभाळायची कोणी?

नळाला पाणी आले नाही तर आपण ग्रामपंचायतीत जाऊन विचारतो. रस्त्यावरचा दिवा बंद पडला तर सरपंचांना हटकतो. पण गावच्या आरोग्य उपकेंद्रातले इंटरनेट बंद पडले तर जाब कोणाला विचारायचा? बहुतेकांना हा प्रश्नच पडत नाही. इंटरनेट म्हणजे मोबाइलवरची करमणूक, अशी आपली समजूत असते. आरोग्याच्या दृष्टीने ही समजूत आता बदलली पाहिजे.

तारेचा आणि तब्येतीचा संबंध

नियमाप्रमाणे सपाट भागात ५,००० आणि आदिवासी-डोंगरी भागात ३,००० लोकसंख्येमागे एक उपकेंद्र असते. तेथे मोठे डॉक्टर नसतात. नर्सबाई असतात आणि बऱ्याच ठिकाणी समुदाय आरोग्य अधिकारी असतात. नोव्हेंबर २०१९ मध्ये केंद्र सरकारची 'ई-संजीवनी' सेवा सुरू झाली. हा अधिकारी रुग्णाला समोर बसवून दूरच्या डॉक्टरांशी पडद्यावर बोलू शकतो. सल्ला मोफत मिळतो.

आता अकोले तालुक्यातील घाटघर, रतनवाडी ही गावे डोळ्यांसमोर आणा. भर पावसात तेथून राजूर किंवा अकोल्याला जायचे म्हणजे दिवसाची मजुरी बुडते, भाडे पडते, सोबतीला माणूस लागते. रक्तदाब आणि मधुमेह हे दुखणारे आजार नाहीत. त्यामुळे फेरी टळते, मग गोळी टळते, आणि एक दिवस अर्धांगवायूचा झटका येतो. गरोदर बाईच्या पायावर सूज आहे, डोके दुखते आहे, रक्तदाब वाढला आहे, तर डॉक्टरांचे मत त्याच दिवशी हवे असते. पुढच्या बाजारापर्यंत थांबून चालत नाही. क्षयरोग्याचे उपचार व पोषणासाठीची मदत यांची नोंदही 'निक्षय' या संगणकीय नोंदवहीतच होते.

एक इशारा मात्र लक्षात ठेवा. सर्पदंश, छातीत कळ, प्रसूतीत रक्तस्राव, बाळाला झटके यांत पडद्यावरच्या सल्ल्याची वाट पाहू नये. १०८ ला फोन करावा आणि रुग्णाला लगेच हलवावे.

तार आली, पुढे काय?

प्रत्येक ग्रामपंचायतीपर्यंत काचतंतूची केबल न्यायची, ही योजना केंद्राने २०११ साली मंजूर केली. पुढे तिचे नाव 'भारतनेट' झाले. पण केबल येणे वेगळे आणि ती चालू राहणे वेगळे. रस्त्याच्या किंवा पाइपलाइनच्या खोदाईत केबल तुटते, वीज गेली की यंत्र बंद पडते, बॅटरी संपली की कोणी बदलत नाही. खासगी कंपनीला चार वस्त्यांच्या वाडीत नफा दिसत नाही आणि सरकारी कचेरी दूर असते. मग गावाने, म्हणजे ग्रामपंचायतीने व जिल्हा परिषदेने, हे जाळे स्वतःच उभारून चालवावे काय?

आपल्याच जिल्ह्याचे दोन धडे

या प्रश्नाला नगर जिल्ह्याचा, म्हणजे आताच्या अहिल्यानगरचा, इतिहासच उत्तर देतो. ग्रामीण भागात वीज पोहोचावी म्हणून देशात ज्या पहिल्या पाच वीज सहकारी संस्था निघाल्या, त्यांत आपली मुळा-प्रवरा होती. श्रीरामपूर-राहुरीच्या पट्ट्यात तिने गावोगाव तारा नेल्या. पण पुढे थकबाकीचा डोंगर झाला, कोर्टकचेऱ्या झाल्या. २०११ साली वितरण महावितरणकडे गेले. म्हणजे जाळे उभारणे जमते, पण वसुली आणि हिशेब सांभाळले नाहीत तर ते हातातून जाते.

दुसरा धडा जामखेडचा. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० साली तेथे काम सुरू केले. गावानेच निवडलेल्या, फारसे न शिकलेल्या बायकांना त्यांनी आरोग्य कार्यकर्त्या म्हणून तयार केले. बाहेरचा माणूस महिन्यातून एकदा येतो, गावची बाई रोज असते. दुरुस्तीचेही तसेच आहे. गावात रोज असणारा माणूसच बिघाड पहिल्यांदा पाहतो.

मधला मार्ग

दूरसंचार हा केंद्राचा विषय आहे. ग्रामपंचायतीने एकदम टेलिफोन कंपनी होऊ नये, तो खर्च व जोखीम तिला झेपणारी नाही. पण तार सार्वजनिक मालकीची ठेवून सेवा देणाऱ्यांना ती भाड्याने देता येते. स्वीडनमध्ये स्टॉकहोम शहराने १९९४ पासून हीच पद्धत ठेवली आहे. आपल्याकडे डिसेंबर २०२० च्या 'पीएम-वाणी' योजनेत सार्वजनिक वाय-फाय केंद्र चालवायला परवाना लागत नाही. ते ग्रामपंचायतही चालवू शकते. उपकेंद्रे तर जिल्हा परिषदेचीच आहेत. तेव्हा मोठे जाळे केंद्र-राज्याने न्यावे आणि पंचायतीपासून उपकेंद्र, अंगणवाडी व शाळेपर्यंतचा तुकडा गावाने सांभाळावा, हे शहाणपणाचे.

त्यासाठी पुढच्या ग्रामसभेत वाचकांनी एवढे विचारावे:

१. उपकेंद्रातली जोडणी चालू आहे काय? गेल्या महिन्यात ती किती दिवस बंद होती, याची नोंदवही ठेवली आहे काय?
२. वीज गेल्यावर यंत्र चालावे म्हणून बॅटरी किंवा सौर पट्टी आहे काय?
३. दुरुस्तीची जबाबदारी गावातल्या कोणा एकावर नावानिशी दिली आहे काय?
४. खोदाईपूर्वी केबलची जागा ठेकेदाराला दाखवली जाते काय?
५. दुरुस्तीची रक्कम पंचायतीच्या अंदाजपत्रकात वेगळी धरली आहे काय? वाय-फायसाठी शुल्क घेत असल्यास त्याचा हिशेब फलकावर लागतो काय?

पाचवा प्रश्न विचारायला संकोच करू नका. मुळा-प्रवरेचे दुखणे तिथेच होते.

तारेने रोग बरा होत नाही. औषध, नर्सबाई आणि रुग्णवाहिका यांची जागा ती घेत नाही. पण घाटघरच्या आजीची रक्तदाबाची गोळी चुकू नये, एवढे काम तिच्याकडून नक्की होते. ते होण्यासाठी गावात एका माणसाच्या कमरेला त्या खोलीची किल्ली असली पाहिजे.