क्लिक ध्वनींच्या भाषा आणि त्यांची कुळे

हळहळ व्यक्त करताना माणूस जिभेने 'च् च्' असा आवाज काढतो. गाडीवान बैल हाकताना जीभ गालाकडे ओढून निराळाच 'टक्' असा आवाज करतो. भारतीय भाषांत या आवाजांना वर्णांचे स्थान नाही, आणि म्हणूनच त्यांच्यासाठी अक्षरेही नाहीत. आफ्रिकेच्या दक्षिण भागातील कित्येक भाषांत मात्र हेच आवाज क, त, प यांच्याप्रमाणे व्यंजने म्हणून शब्दाशब्दांत येतात. भाषाशास्त्रात त्यांना 'क्लिक' ध्वनी असे म्हणतात. जिभेचा मागील भाग टाळूला टेकवून पुढे दात, टाळू अथवा ओठ यांपाशी दुसरा अडथळा करावयाचा, मधल्या पोकळीतील हवा विरल करावयाची आणि पुढचा अडथळा एकदम दूर करावयाचा, की क्लिक ध्वनी उमटतो.

या भाषा एकाच कुळातील आहेत काय? डोरोथिया ब्लीक यांनी 1920 नंतरच्या दशकात त्यांचे उत्तर, मध्य व दक्षिण असे तीन गट पाडले. पुढे जोसेफ ग्रीनबर्ग यांनी 1963 च्या आपल्या ग्रंथात त्या सर्वांचा, टांझानियातील हाद्झा व सांदावे या भाषांसह, 'खोइसान' या एकाच कुळात समावेश केला.

तथापि समान ध्वनी हा रक्ताच्या नात्याचा पुरावा ठरत नाही. झुलू व खोसा या बांटू भाषांतही क्लिक ध्वनी आहेत. ते त्यांनी शेजाऱ्यांकडून उचललेले आहेत. मराठी व कन्नड या दोहोंत ट, ड, ण हे वर्ण आहेत, परंतु त्यांची कुळे भिन्न आहेत. शेजारामुळे आलेले साम्य आणि वंशाने आलेले साम्य यांत फरक करावा लागतो.

तो कसा करावयाचा? सुटे सारखे शब्द पुरेसे नाहीत. ध्वनींची नियमित जुळणी आढळली पाहिजे. संस्कृतातील 'पितृ' व 'पाद' यांच्या जागी इंग्रजीत 'फादर' व 'फुट' येतात, म्हणजे प च्या ठिकाणी फ येतो. अशी जुळणी शब्दामागून शब्दात दिसली, तर तो योगायोग मानता येत नाही. सर्वनामे व प्रत्यय यांची साक्ष त्याहूनही मोलाची असते, कारण ती सहसा उसनी घेतली जात नाहीत.

बोट्सवानातील आमकोए भाषेचे उदाहरण या दृष्टीने बोधप्रद आहे. ओठांनी उच्चारावयाचा क्लिक ध्वनी तिच्यात आहे, आणि तो दक्षिण गटाचे लक्षण मानला जाई. त्यामुळे ही भाषा उत्तर गटाची की दक्षिण गटाची, असा प्रश्न अँथनी ट्रेल यांनी 1973 मध्ये विचारला. अखेर बेर्न्ड हाइने व हेन्री होंकेन यांनी 2010 मध्ये ध्वनींची नियमित जुळणी मांडून आमकोए ही उत्तरेकडील जू भाषांची भगिनी असल्याचे दाखविले. या छोट्या कुळाला दोन्ही शाखांत आढळणाऱ्या 'भूमी' या अर्थाच्या शब्दावरून 'क्खा' हे नाव मिळाले.

आज बहुतेक अभ्यासक तीन स्वतंत्र कुळे मानतात : क्खा, तू आणि खोए-क्वादी. त्यांची व्याकरणेही वेगळी आहेत. खोएखोए भाषेत 'खोएब' म्हणजे पुरुष व 'खोएस' म्हणजे स्त्री, आणि दोन पुरुषांसाठी 'खोएखा' असे द्विवचनही आहे. तिचे क्रियापद मराठीप्रमाणे वाक्याच्या शेवटी येते. क्खा व तू कुळांत ते कर्त्यानंतर लगेच येते. हाद्झा ही एकाकी भाषा समजली जाते. सांदावेचे खोए भाषांशी नाते असावे असे काहींचे मत आहे, परंतु ते निर्विवाद नाही.

या अभ्यासाला काळाशी स्पर्धा करावी लागते. दक्षिण आफ्रिकेतील खाम भाषा आज कोणी बोलत नाही. तिची माहिती उरली ती विल्हेल्म ब्लीक व लूसी लॉइड यांनी 1870 पासून खाम भाषकांकडून ऐकून भरलेल्या वह्यांमुळे. याच मृत भाषेत त्या देशाने 2000 साली आपले राष्ट्रीय बोधवाक्य स्वीकारले. अंगोलातील क्वादी भाषाही व्यवहारातून नाहीशी झाली. तिच्या मोजक्याच नोंदी राहिल्या होत्या. तरीही त्यांतील सर्वनामांच्या आधारे टॉम ग्युल्डेमान यांनी 2004 मध्ये तिचे खोए भाषांशी नाते पटवून दिले. नोंदी नसत्या, तर ती कायमची अनाथ ठरली असती. आमकोए आज थोडे वयस्क लोकच बोलतात. त्यांचे बोलणे वेळीच टिपून ठेवले, तरच पुढील अभ्यासकाला तुलनेसाठी काही साधन उरेल.